रनिंग किती झालंय?

पनवेलच्या आसपास जुनी डिझेल गाडी शोधायला निघालात की आठवड्याभरात एक गोष्ट लक्षात येते. इथल्या गाड्या भरपूर धावलेल्या असतात. गावाची जागाच तशी आहे. कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग निघतो, पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता फुटतो, जुना पुणे रस्ता खोपोलीकडे जातो आणि दुसऱ्या अंगाला उरण, जेएनपीटी. तळोज्याच्या कारखान्यातला माणूस कामासाठी पुण्याला जाऊन येतो, ठेकेदार एक दिवस पेण तर एक दिवस कर्जत गाठतो आणि मूळचा चिपळूण-रत्नागिरीचा असलेला जो तो गणपती, शिमगा आणि मे महिना अशा तिन्ही वेळा गाडी गावाला काढतो. सात-आठ वर्षांत दीड-दोन लाख किलोमीटर इथे सहज होतात.

आणि गाडी बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: रनिंग किती झालंय? उत्तर लाखाच्या आत असेल तर त्याचा चेहरा खुलतो, लाखाच्या वर गेलं की पडतो. विकणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणूनच या धंद्यात निम्मी लबाडी या एकाच आकड्याभोवती चालते. खरं तर डिझेल गाडीच्या बाबतीत हा आकडा एकट्याने फार थोडं सांगतो. ते किलोमीटर कुठले, कशा रस्त्यावरचे, कोणाच्या हातचे, आणि यापुढचे किलोमीटर तुम्ही कसे करणार आहात, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

साधा हिशेब करून बघा. एक गाडी पनवेल-पुणे अशी धावली. घाट, टोलनाका, चहा धरून सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर पकडू. मीटरवर १,८०,००० असतील तर तिचं इंजिन ३,००० तास चाललं. दुसरी गाडी ठाण्याहून दादरला रोज गर्दीतून गेली. तिची सरासरी ताशी २०. मीटरवर फक्त ८०,०००, पण इंजिन चाललं ४,००० तास. म्हणजे कागदावर जी ‘कमी चाललेली’ ती इंजिनाच्या वयाने मोठी. शिवाय गर्दीतल्या गाडीचा क्लच हजारो वेळा जास्त दाबला गेलेला, टर्बो कधी नीट मोकळा न झालेला आणि धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर झडपेत चुलीवरच्या धुराड्यात धरतो तसा काजळीचा थर. ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर यांचं वय तासांतच मोजतात, त्यांना तासांचं मीटरच असतं. मोटारीला मात्र आपण किलोमीटरचं मीटर लावलं आणि त्यावर विसंबलो.

डिझेल इंजिनाचा स्वभावच एका लयीत, तापून, ओझं घेऊन चालण्याचा. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं ते मोठ्या यंत्रांसाठी, मोटारीसाठी नव्हे. त्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापेल, मग तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. मोटारीतल्या डिझेल इंजिनात हवा साधारण सोळा-अठरा पटीने दाबली जाते. हा दाब सोसायचा म्हणून सगळे भाग दणकट करावे लागतात आणि दणकट भाग जास्त टिकतात. आपल्याकडे विहिरीवरचं किर्लोस्करचं इंजिन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी लावलं की शेत भिजेपर्यंत एका सुरात चालायचं, पण दर पाच मिनिटांनी बंद-चालू केलं असतं तर वर्षभरात रडलं असतं. द्रुतगती मार्गावर पाचव्या गिअरमध्ये दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर चाललेली गाडी या इंजिनाला हवं तेच देत असते.

याचा अर्थ दोन लाख झालेली गाडी डोळे झाकून घ्यावी असा नाही. इंजिनाचं मुख्य अंग शाबूत असलं तरी त्याच्याभोवतीची पुष्कळ मंडळी याच टप्प्यावर थकतात. क्लच प्लेट, शॉकअप, लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, चाकांचे बेअरिंग, टर्बो, नोझल (कंपनीच्या भाषेत इंजेक्टर) आणि त्यांना दाबाने डिझेल पुरवणारा पंप. मालकाने यातलं काय बदललं आणि काय तुमच्यासाठी ठेवलं, ते बघणं हेच खरं गाडी बघणं. माझं मत विचाराल तर दीड लाखाला क्लच आणि शॉकअप बदलून बिलं जपून ठेवलेली एक लाख ऐंशी हजारांची गाडी, काहीच न बदललेल्या एक लाख चाळीस हजारांच्या गाडीपेक्षा चांगली. बाजारभाव मात्र उलटा लागतो, आणि शहाण्या गिऱ्हाइकाची संधी इथेच असते.

आज बाजारात दिसणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांच्या पिढीला एक इतिहास आहे, आणि तो मीटर तपासायला कामी येतो. २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे मात्र झाले नाहीत. त्यामुळे दरी वाढत गेली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१च्या आत होतं. साहजिकच सगळे डिझेलवर तुटून पडले. मारुतीने जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आणली होती, तिच्यातलं १,२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. तेच पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाच्या व्हिस्टा अशा गाड्यांत गेलं. आपल्या रांजणगावातही ते बनायचं. लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झालं, दरी आटली, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस ६ लागू होताच मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं.

आता विचार करा. २०१३ साली ज्याने पेट्रोलपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल डिझायर घेतली, त्याने ती का घेतली? पुष्कळ फिरायचं होतं म्हणूनच. मग त्या गाडीवर आज ६२,००० किलोमीटर दिसत असतील तर खुश होण्याऐवजी सावध व्हायला हवं. असा मालक असूच शकत नाही असं नाही, परदेशी गेलेला मुलगा, वारलेले वडील अशी घरं असतात. पण तसं असेल तर त्याचा पुरावाही असतो.

मीटर मागे घेणं आजच्या डिजिटल काळात अवघड असेल असा आपला समज असतो. उलट सोपं झालंय. पूर्वी कन्सोल उघडून चाकं हाताने फिरवावी लागत, त्यावर ओरखडे राहत. आता आकडा एका चिपमध्ये असतो, यंत्र जोडलं की काही मिनिटांत बदलता येतो. पकडायचा तर बाहेरून पकडावा लागतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गाडीच्या नंबरावर प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं रनिंग नोंदलेलं असतं, मालकाला बरोबर नेऊन ती नोंद मागा. २०१८ मध्ये सर्व्हिसला १,१०,००० लिहिलेली गाडी २०२५ मध्ये ८५,००० दाखवत असेल तर पुढे बोलण्यासारखं काही राहत नाही. मालक म्हणाला, “आम्ही बाहेरच सर्व्हिस करतो,” तर ऑइल बदलताना गॅरेजवाल्याने दाराच्या कडेला चिकटवलेला स्टिकर शोधा. पुष्कळदा तो काढायचा राहिलेला असतो.

गाडीच्या अंगावरही खुणा असतात. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचं रबर, गिअरच्या मुठीवरचे आकडे, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचा ‘दहा वाजले’च्या जागचा भाग. सत्तर हजारांच्या गाडीचं क्लचचं रबर गुळगुळीत नसतं. आणि जुन्या गाडीत एकच रबर कोरं करकरीत दिसलं तर ते का बदललं, हा प्रश्न उरतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. डिकीतल्या स्टेपनीवरही ते बघा. पन्नास हजार चाललेल्या गाडीवर तिसरा टायरसंच असेल तर कोणीतरी खोटं बोलतंय, आणि टायर काही बोलत नाहीत.

पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यात आणखी एक प्रकार भेटतो. पिवळ्या पाटीच्या गाड्या खासगी करून विकल्या जातात. विमानतळ, पुणे, कंपन्यांचे पिकअप अशी ही धावपळ. चार-पाच लाख किलोमीटर झालेली इनोव्हा टॅक्सीच्या धंद्यात नवलाची नाही. २००५ मध्ये आलेल्या त्या गाडीचं अडीच लिटरचं इंजिन याच नावलौकिकावर टिकलं. परमिट रद्द करून गाडी खासगी करणं कायदेशीर आहे, त्यात चोरी काही नाही. लपवलं तर चोरी. आरसीवरचा वर्ग आणि आधीच्या नोंदी बघितल्या, परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला, पाटीच्या स्क्रूंभोवतीचा रंग पाहिला, छतावर कॅरिअरची भोकं बुजवल्याच्या खुणा शोधल्या की कळतं. टॅक्सी म्हणून चाललेली गाडी टॅक्सीच्या भावात घ्यायला हरकत नाही, कारण धंदेवाला माणूस ऑइल वेळेवर बदलतो. बंद गाडी त्याला परवडत नाही.

आता प्रत्यक्ष गाडी. आदल्या दिवशी फोनवर एकच अट घाला: मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. सकाळी गेल्यावर आधी हात बोनेटवर ठेवा. गरम लागलं आणि मालक म्हणाला, “दादा, तुम्ही येणार म्हणून स्टार्ट करून ठेवली,” तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. थंड डिझेल इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन सांगत नाही. पनवेलच्या हवेत डिझेल गाडी एका किल्लीत सुरू व्हायलाच हवी. इथे काही मनाली नाही. उबदार सकाळी जर ती तीन-चार वेळा कण्हून चालू होत असेल तर ग्लो प्लगवर खापर फोडू देऊ नका, कॉम्प्रेशन किंवा नोझल बघायला हवेत.

चालू झाल्यावर सायलेन्सरमागे उभं राहा. क्षणभर थोडा धूर येऊन थांबला तर ठीक. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा, जाड, न थांबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, नाहीतर पाणी सिलिंडरात जातंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. बीएस ३, बीएस ४ च्या गाडीने एकदम रेस दिल्यावर थोडी काजळी फेकली तर घाबरू नका. ऑइल काळं आहे म्हणूनही घाबरू नका, डिझेल इंजिनात नवं ऑइलसुद्धा थोड्या दिवसांत काळं होतं. झाकणाच्या आत पांढरट चिकट लेप दिसला, किंवा कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग, तर मात्र नमस्कार करून निघा.

मग बॅक कॉम्प्रेशन. इंजिन मंद चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं, सैल ठेवा. नुसतं थरथरत जागेवर राहिलं तर बरं. उडून पडलं, आतून फकफक धूर येत राहिला, तर रिंगा आणि बोअर झिजलेत. मेकॅनिक म्हणेल, “हाफ इंजिन करायला लागेल,” आणि हे ऐकून भाव करायला बसू नका. इंजिन उघडणं म्हणजे खर्चाचा अंदाज संपून अनुभव सुरू होणं.

नोझलची परीक्षा मात्र डोळ्यांनी पाहण्यासारखी असते. कळंबोली ट्रकांचं गाव आहे, पंप-नोझलचं काम करणारे तिथे भेटतात. प्रत्येक नोझल थोडं डिझेल फवारतो आणि थोडं परतीच्या नळीने टाकीकडे सोडतो. कारागीर या परतीच्या चार नळ्या काढून चार पारदर्शक बाटल्यांना जोडतो आणि इंजिन चालू ठेवतो. काही मिनिटांनी चारही बाटल्यांत सारखंच डिझेल दिसायला हवं. तीन बाटल्या बोटभर भरल्या आणि चौथी अर्धी झाली, तर त्या चौथ्याचा नोझल आतून गळतोय. या तपासणीचे पैसे गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहेत, आणि चार नोझलांचा खर्च अजिबात किरकोळ नाही.

धुतलेल्या इंजिनाबद्दल एक शब्द. बोनेट उघडल्यावर सगळं चकचकीत दिसलं की घेणारा सुखावतो. मला तिथे नेहमी शंका येते. दोन लाख चाललेल्या गाडीवर धूळ असावी, आणि धुळीत तेलाचा ओघळ आहे की नाही ते दिसावं. धुऊन टाकलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही, आठवडाभराने दिसते, तेव्हा गाडी तुमच्या दारात असते.

गाडी चालवून बघायला सोसायटीला फेरी मारण्यात अर्थ नाही. पळस्पे फाट्यावरून गोवा रस्त्याला लागा आणि कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत जा, पनवेलपासून ते बारा-एक किलोमीटर आहे. सोबत दोघे-तिघे बसवा, एसी लावा. चौथ्या गिअरमध्ये वेग कमी असताना दाबून बघा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तेवढी ओढली नाही तर क्लच घसरतोय. टर्बोची बारीक शीळ चालते, भोंग्यासारखा चढता आवाज चालत नाही. चढावर तापमानाचा काटा जागेवरच राहायला हवा. परत आल्यावर एसी चालू ठेवून दहा मिनिटं उभी ठेवा, बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. गरम असताना उशिरा चालू होणारी गाडी बहुतेकदा नोझल किंवा पंपाचं दुखणं सांगत असते. थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी एका किल्लीत सुरू झाली तर पुढचं बोलू.

पावसाचा प्रश्न आमच्याकडे वेगळा विचारावा लागतो. गाढी नदीच्या काठच्या वस्त्या आणि कळंबोलीचे सखल भाग जोराच्या पावसात पाण्याखाली जातात. इंजिनात पाणी शिरलेलं असताना किल्ली मारली तर पिस्टन पाण्यावर आदळून दांडा वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. अशी गाडी दुरुस्त होऊन बाजारात येतेच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. सीटच्या खालची पट्टी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड बघा. उरण-अलिबागकडे खाडीच्या हवेत राहिलेल्या गाडीला लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पत्र्यावर लांबी भरून रंग मारता येतो, चेसिसच्या गंजावर नाही.

कोणती गाडी, हा प्रश्न शेवटी सुट्या भागांवर येतो. टायमिंग बेल्ट असलेली इंजिनं आणि चेन असलेली इंजिनं वेगळी. जुन्या इनोव्हाला, फोर्डच्या छोट्या डिझेलला आणि फोक्सवॅगनच्या १.६ ला बेल्ट आहे. तो ठरल्या किलोमीटरला बदलायचा असतो, नाहीतर एक दिवस तुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कापा. मारुतीच्या १.३ ला चेन आहे, पण “चेन आहे म्हणजे आयुष्यभराची काळजी मिटली” हे विकणाऱ्याचं वाक्य. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत चेनही ताणली जाते. शेवर्लेने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या गाड्या स्वस्त मिळतात आणि चालायलाही चांगल्या असतात, पण भाग कुठून आणायचा हे आधी ठरवून घ्या.

आता सगळ्यात नाजूक भाग: तुम्ही स्वतः. पनवेलमध्ये राहून सीएसएमटीला लोकलने जाणाऱ्याची गाडी स्टेशनपर्यंत दोन-तीन किलोमीटर जाते आणि दिवसभर उभी राहते. डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं, एवढ्यात ते तापतही नाही. २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीत तर काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, असते. साठलेली काजळी जाळून टाकायला सलग वेगाने चालून धूर खूप तापावा लागतो. रोज स्टेशन आणि भाजी मंडई करणाऱ्याकडे ही जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गॅरेजची वारी सुरू होते. म्हणजे द्रुतगती मार्गावर एक लाख ऐंशी हजार झालेली उत्तम गाडी चुकीच्या माणसाकडे गेली की दोन वर्षांत बिघडते.

पैशाचाही हिशेब मांडा. जुलै २०२४ च्या आसपास मुंबईत पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपयांच्या जवळ होतं. पनवेलचा थोडा फरक सोडून देऊ आणि दर बदलले असतील तर आजचे घाला. पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १६ धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेलचं २० धरलं तर साडेचार. फरक दोन रुपयांचा. वर्षाला आठ हजार किलोमीटर करणाऱ्याचे १६,००० रुपये वाचतात, एक क्लच आणि शॉकअपचा जोड बदलला की बचत गेली. पंचवीस हजार करणाऱ्याचे ५०,००० वाचतात, त्याला जुनी डिझेल परवडते. आणि सीएनजी किलोला ८० रुपये धरून २४ चं अ‍ॅव्हरेज मिळालं तर किलोमीटरला तीन रुपये तेहतीस पैसे. छोट्या डिझेल गाड्यांचे भाव का पडले याचं हे एक मोठं कारण. सात माणसं घेऊन वर्षातून चार वेळा कोकणात आणि महिन्याला दोनदा पुण्याला जाणाऱ्याला मात्र डिझेलच्या ताकदीला आजही पर्याय कमी.

सरकारी धोरणाकडे कानाडोळा करून चालणार नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांना आधी सरसकट दिलासा दिला आणि डिसेंबरमध्ये तो बीएस ४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला. या काळात तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत आल्या. डीएल पाटीची गाडी दिसली तर एनओसी, इथला पुन्हा भरायचा कर आणि पासिंगची दगदग हे सगळं धरून ती स्वस्त उरते का ते बघा. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाचा विषय हाती घेतल्यावर जानेवारी २०२५ मध्ये राज्याने मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का हे पाहायला समिती नेमली. पनवेल त्या प्रदेशात येतं. म्हणून बारा-तेरा वर्षांची डिझेल गाडी घेताना ती पुढे विकायची आहे असं धरूच नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, २०२२ पासून मोटारीसाठी त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं, वर राज्याचा पर्यावरण कर.

कागदांत पनवेलकरांनी आळस करू नये. गाडी एमएच ४६ ची असो, पेणची एमएच ०६ किंवा वाशीची एमएच ४३, फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरायचे. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच, नाहीतर आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. थकलेली ई-चलानं आधी मालकाकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर पाटी बसलेली नसेल तर हस्तांतराचं काम अडतं. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा त्याच्याकडे राहतो. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे. विकणारा मालकही घाईत असायला हवा, कारण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, गाडी मग कितीही हात फिरलेली असो. “कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवतो, तुम्ही निवांत करा,” असं म्हणणारा मालक एकतर भोळा किंवा स्वतःच मालक नाही.

सौदा ठरवताना किमतीचा दहावा-पंधरावा भाग बाजूला ठेवा आणि तो खर्च होणारच आहे असं समजा. गाडी ताब्यात आल्या आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, आणि बिल नसेल तर टायमिंग बेल्ट. दोन्ही किल्ल्या मागून घ्यायला विसरू नका. दुसरी किल्ली “गावाला राहिली” असेल तर नव्या किल्लीचे पैसे तिथेच कापा.